पेशंट म्हणतो "उन्हाळी लागलीय", मग फाईलमध्ये काय लिहायचं?

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला मराठी मीडियममधून आलेल्या मुलामुलींचं एकच म्हणणं असतं, सिस्टर हे डिसयुरिया, ओलिग्युरिया, ॲन्युरिया सगळं सारखंच वाटतं, रात्री पाठ केलं की सकाळी गेलेलं असतं. मी म्हणते पाठ करूच नका. वॉर्डात पेशंट मराठीत काय बोलतो तिथून सुरुवात करा, कारण शब्द तुम्हाला आधीच माहितीये, फक्त त्याचं फाईलमधलं नाव शिकायचंय.

आजी म्हणाल्या उन्हाळी लागलीय, लघवीला जळजळतंय, तर तो डिसयुरिया. डिस म्हणजे त्रास, युरिया म्हणजे लघवी, झालं. तसंच पॉली म्हणजे जास्त, ओलिग म्हणजे कमी, ॲन म्हणजे जवळजवळ नाहीच, हिमॅट म्हणजे रक्त, पाय म्हणजे पू, नॉक्ट म्हणजे रात्र. एवढे तुकडे वहीत लिहून ठेवले की पॉलियुरिया, हिमॅच्युरिया, पाययुरिया, नॉक्चुरिया आपोआप सुटतात. आकडे मात्र पक्के हवेत, मोठ्या माणसाला 24 तासांत 400 मिलीच्या खाली लघवी म्हणजे ओलिग्युरिया आणि साधारण 100 च्या खाली ॲन्युरिया. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर ताशी दर किलोला अर्धा मिली धरा, म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली यायला हवी, नाही आली तर आधी नळी कुठे मुडपली नाही ना ते बघा आणि मग डॉक्टरांना कळवा, सकाळच्या राऊंडची वाट बघत बसू नका.

आता जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो ते. नातेवाईक सांगतात "लघवीच झाली नाही सकाळपासून". हे ॲन्युरिया असेल किंवा रिटेन्शन असेल आणि दोन्ही अगदी वेगळं आहे, ॲन्युरियात किडनी लघवी बनवतच नाही, रिटेन्शनमध्ये ती बनलीये पण तुंबलीये. ओटीपोटावर हात ठेवा, फुगलेलं घट्ट लागतंय, दाबलं की पेशंट कळवळतो, तर रिटेन्शनचा संशय धरा. आणि अशा माणसाची थेंब थेंब गळत राहते, चादर ओली होते, मग आपण इनकॉन्टिनन्स, म्हणजे लघवीवर ताबा नाही, असं लिहून मोकळे होतो आणि आत मूत्राशय भरून फुटायला आलेलं असतं. याला ओव्हरफ्लो म्हणतात. वारंवार जाणं आणि पॉलियुरिया हेही एक नाही बरं का, दहा वेळा जाऊन दर वेळी चमचाभर झाली तर ती फ्रिक्वेन्सी, पॉलियुरिया एकूण मापावरून ठरतो.

संडासचंही तसंच आहे. आठ दिवस खडा धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक पातळ व्हायला लागतं, घरचे म्हणतात जुलाब लागले, पण आत कडक खडा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या बाजूने येत असतो. याचं नाव फीकल इम्पॅक्शन, आणि इथे जुलाब थांबवायची गोळी गेली तर अजून वाईट होतं, म्हणून "याआधी कधी साफ झाली होती?" हा प्रश्न विचारल्याशिवाय डायरिया लिहू नका. काळी, डांबरासारखी चिकट आणि भयंकर वासाची शी म्हणजे मेलेना, बहुतेक वेळा वरून, जठराकडून रक्त आलेलं असतं. ताजं लाल रक्त पडलं तर हिमॅटोचेझिया. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेव्हा गोळ्या चालू आहेत का ते विचारून लिहा. शीचं वर्णन करायला ब्रिस्टल चार्ट आहे, 1997 सालचा, टाईप 1 म्हणजे शेळीच्या लेंड्या आणि टाईप 7 म्हणजे नुसतं पाणी, 3 आणि 4 चांगले. नुसतं "मोशन झाली" लिहिण्यापेक्षा टाईप लिहिला की पुढच्या शिफ्टला नेमकं कळतं.

खाण्यापिण्याचे शब्द सोपे आहेत, अन्नावरची वासना उडाली तर ॲनोरेक्सिया, सारखी तहान पॉलिडिप्सिया, सारखी भूक पॉलिफेजिया, रक्ताची उलटी हिमॅटेमेसिस. घास उतरत नाही तो डिसफेजिया, आणि याच्यासारखाच ऐकू येणारा दुसरा शब्द आहे बोलण्याच्या त्रासाचा, डिसफेझिया (dysphagia आणि dysphasia), लकव्याच्या पेशंटला दोन्ही असू शकतात म्हणून स्पेलिंग बघा, जी असेल तर गिळणं, एस असेल तर बोलणं. गिळायचा त्रास असलेल्याला पडल्या पडल्या पाणी पाजलं की ते फुप्फुसात जातं, ते ॲस्पिरेशन. राईल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीने, फीड देतानाही डोकं 30 ते 45 अंश वर हवंच आणि फीडनंतर लगेच आडवं करायचं नाही.

एनबीएम, म्हणजे निल बाय माउथ, याबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. नातेवाईकांना "उपाशी ठेवा" म्हणू नका, आपल्याकडे उपाशी म्हटलं की लोक उपास धरतात, चहा चालतो, केळं चालतं, साबुदाणा चालतो, आणि मग ऑपरेशन पुढे जातं. सरळ सांगा, तोंडाने काहीच नाही, पाणी नाही, चहा नाही, औषधाची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

इनटेक आउटपुट, म्हणजे पेशंटच्या शरीरात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा तक्ता, भरताना वॉर्डातला ग्लास आणि वाटी एकदा मापाच्या जगने मोजून ठेवा, अंदाजे ग्लास धरला की दिवसाच्या बेरजेत मोठा फरक पडतो. सलाईन आणि ट्यूब फीड इनटेकमध्ये, उलटी, ड्रेनमधून (जखमेतल्या नळीतून) आलेलं आणि ट्यूबमधून ओढलेलं आउटपुटमध्ये.

आणि विचारताना पेशंटच्या भाषेत विचारा. गावाकडच्या आजोबांना "मोशन पास झालं का" कळत नाही, "परसाकडं झालं का बाबा" म्हटलं की लगेच सांगतात. लाजणाऱ्या बाईला पडदा ओढून, हळू आवाजात. मग फाईलमध्ये आधी त्यांचे शब्द तसेच लिहा, "पेशंट म्हणतो लघवी तुंबलीये", आणि त्याच्या पुढे तुम्ही हात लावून काय बघितलं, किती मिली, किती वाजता.