शाखा सांभाळून जेएआयआयबी: माझे दोन प्रयत्न

बँक कर्मचाऱ्यांच्या जेएआयआयबी या परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात मला चार पेपरांत अनुक्रमे 58, 54, 41 आणि 56 गुण पडले. तिसरा पेपर गेला. पास व्हायला प्रत्येक पेपरात 50 लागतात, पण एकाच प्रयत्नात चारही पेपर देऊन प्रत्येकात किमान 45 आणि सरासरी 50 टक्के पडली तरी पास करतात. म्हणजे 41 च्या जागी 45 असते तर माझी चारही पेपरांतून सुटका झाली असती. त्या पेपरात मी सात प्रश्न कोरे सोडून आले होते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही मला पक्कं माहीत होतं. वेळ संपली तेव्हा मी ईएमआयच्या, म्हणजे कर्जाच्या मासिक हप्त्याच्या, एका गणितात अडकून बसले होते.

तुम्ही नुकतेच बँकेत लागला असाल, किंवा माझ्यासारखी दहा-अकरा वर्षं काउंटरवर काढून आता फॉर्म भरायचं मनात घेत असाल, तर हे चार गुण कुठे गेले ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून लिहिते आहे.

परीक्षेची ओळख थोडक्यात. ती घेणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था 1928 पासूनची आहे आणि परीक्षेला बसायला आधी तिचं सभासद व्हावं लागतं. जेएआयआयबी हा पहिला टप्पा, सीएआयआयबी पुढचा. 2023 मध्ये अभ्यासक्रम बदलला. पूर्वी तीन पेपर होते, आता चार आहेत: भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तव्यवस्था, बँकिंगची तत्त्वं आणि व्यवहार, अकाउंटिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट, रिटेल बँकिंग आणि वेल्थ मॅनेजमेंट. प्रत्येक पेपर दोन तासांचा, संगणकावर, साधारण शंभर पर्यायी प्रश्नांचा. नोंदणीपासून तीन वर्षांत पाच प्रयत्न मिळतात आणि पास झालेला पेपर तोवर जमा राहतो. वेतनवाढ मिळते, प्रमोशनच्या वेळी उपयोग होतो. सगळे त्यासाठीच बसतात, मीही त्यासाठीच बसले.

नोकरी करणाऱ्याचा पहिला गैरसमज म्हणजे 'संध्याकाळी घरी आलं की दोन तास बसायचं'. मी तीन आठवडे हे करून पाहिलं. डे एंड करून, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करून, कॅश जुळवून, बाहेर पडेपर्यंत सात वाजतात. कॅश जुळली नाही तर घड्याळाकडे बघायचंच नाही. घरी आल्यावर पुस्तक उघडायचे, पण एकच पान चारदा वाचूनही डोक्यात काही उतरायचं नाही. मग पहाटेवर आले. पाच दहाला उठून सव्वासहापर्यंत. एवढाच वेळ, पण रोजचा. मुलगा आठवीत होता. साडेसहाला त्याला उठवायचं, डबे करायचे, त्यामुळे वेळ लांबवायची सोयच नव्हती. ते बरंच झालं. वेळ मोजका आहे म्हटल्यावर पुस्तक शोधण्यात, पेन शोधण्यात तो जात नाही. आदल्या रात्रीच पान उघडून, वर पेन्सिल ठेवून झोपायचे.

रविवारी नवीन काही वाचायचं नाही, फक्त सराव परीक्षा द्यायची. दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत. हा नियम मी दुसऱ्या प्रयत्नात केला. पहिल्या वेळी मी रविवारी धडे उरकत होते आणि पूर्ण पेपर एकदाही सोडवला नव्हता. शंभर प्रश्नांना 120 मिनिटं म्हणजे प्रश्नाला एक मिनिट 12 सेकंद. कागदावर हे पुरेसं वाटतं. घड्याळ लावून बसल्याशिवाय ते किती कमी आहे हे समजत नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सांगते. तुमची शाखा हेच पुस्तक आहे. नोकरी अभ्यासाच्या आड येते असं आपण धरून चालतो. वेळेच्या बाबतीत ते खरंही आहे. पण जो कॉलेजमधून थेट वाचायला बसला आहे, त्याच्याकडे नसलेली गोष्ट आपल्याकडे असते. प्रत्येक धड्यातली माणसं आणि कागद आपण पाहिलेले असतात.

प्लेज, हायपोथिकेशन, मॉर्गेज, लीन, असाइनमेंट हे पाच शब्द मी पंधरा दिवस घोकत होते. व्याख्या पाठ व्हायच्या आणि दोन दिवसांनी एकमेकांत मिसळायच्या. एक दिवस सोनेतारणाचं पाकीट स्ट्राँगरूममध्ये ठेवताना माझं मलाच लख्ख झालं. सोनं आपल्या ताब्यात आलं, मालकी ग्राहकाचीच राहिली: हे प्लेज, आपलं तारण. ट्रॅक्टरचं कर्ज दिलं, ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात आहे आणि आरसी बुकावर आपल्या बँकेचं नाव आहे: हे हायपोथिकेशन, नजरगहाण. घराच्या कर्जाला खरेदीखत ठेवून घेतलं, म्हणजे स्थावर मालमत्ता: मॉर्गेज. मुदतठेवीवर कर्ज देताना ती ठेव मोडता येऊ नये म्हणून सिस्टिममध्ये खूण केली: लीन. विमा पॉलिसी बँकेच्या नावावर करून आणायला सांगितली: असाइनमेंट. पाचही कागद आमच्या एकाच कपाटात होते. त्यानंतर परीक्षेत हे शब्द कसेही फिरवून विचारले तरी मी चुकले नाही.

तसंच नॉमिनीचं. एक आजी काउंटरवर आल्या होत्या. यजमान गेले, ठेवीला धाकट्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून, आणि थोरला बाजूला उभा राहून विचारत होता, "मॅडम, म्हणजे सगळे पैसे त्याचेच का?" नॉमिनी हा बँकेकडून पैसे घेण्यापुरता विश्वस्त असतो, वारसांचे हक्क त्यामुळे जात नाहीत, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं, की पुस्तकातला हा परिच्छेद मी आदल्याच आठवड्यात काहीही न समजता पिवळा करून ठेवला होता. तेव्हापासून एक छोटी डायरी ड्रॉवरमध्ये ठेवली. चेक परत गेला की त्याचं कारण लिहायचं आणि रात्री पुस्तकात नियम बघायचा: चेकची मुदत तीन महिने, ती 1 एप्रिल 2012 पासून, चेक न वटल्याबद्दलच्या कलम 138 ची नोटीस चेक परत गेल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत, मग पैसे भरायला 15 दिवस. कर्जखातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं की 90 दिवसांचा नियम आणि तारण ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस. केवायसी नूतनीकरण जास्त जोखमीच्या ग्राहकाला दोन वर्षांनी, मध्यम जोखमीला आठ, कमी जोखमीला दहा. हे आकडे मी कधी घोकले नाहीत. ज्यांची खाती होती त्यांच्या चेहऱ्यांसकट ते लक्षात राहिले.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. पेपर इंग्रजी किंवा हिंदीतून देता येतो, मराठीतून नाही. सुरुवातीला मी इंग्रजीतच टिपणं काढायचे, कारण पेपर इंग्रजीत. ती नुसती पुस्तकाची नक्कल व्हायची. मग संज्ञा इंग्रजीत ठेवून स्पष्टीकरण मराठीत लिहायला लागले. विचार आपल्या भाषेत झाला की फिरवलेला प्रश्नही ओळखू येतो. यात कमीपणा वाटून घेऊ नका.

तिसऱ्या पेपराकडे वळते, कारण आमच्यातले बहुतेक तिथेच अडकतात. कॉमर्सवाल्यांना नोंदी आणि ताळेबंद सोपे जातात. मी आर्ट्सची, मला डेबिट-क्रेडिटही काउंटरवर शिकायला मिळालं. पण मला नडली ती चक्रवाढ. सायंटिफिक कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही, साधा 12 आकडी चालतो. घात त्याच्यावर कसा काढायचा हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, मी 1.01 ला 1.01 ने बारा वेळा टाइप करून गुणत बसले होते. पद्धत अशी: 1.01 टाकायचं, गुणिलेचं बटण दाबायचं, मग बरोबरचं बटण. पहिल्या वेळी वर्ग येतो, पुढच्या प्रत्येक दाबाला एक घात वाढतो. म्हणजे बाराव्या घातासाठी अकरा वेळा. काही कॅल्क्युलेटरवर गुणिलेचं बटण दोनदा दाबावं लागतं, तेव्हा आपलं यंत्र घरीच तपासून घ्या. उत्तर येतं 1.126825. आता 1 लाखाचं कर्ज, दरसाल 12 टक्के (म्हणजे महिन्याला 1 टक्का, म्हणून 1.01), 12 महिने: पहिल्या महिन्याचं व्याज 1000, त्याला 1.126825 ने गुणा आणि त्यातून 1 वजा केल्यावर उरणाऱ्या 0.126825 ने भागा. हप्ता 8885 रुपये. हे गणित मी दुसऱ्या वेळी चाळीस सेकंदांत करत होते. पहिल्या वेळी त्याच्यावर माझी सहा मिनिटं गेली, आणि ते सात कोरे प्रश्न त्याच सहा मिनिटांतले.

कट-ऑफ तारखेचं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षेला आदल्या 31 डिसेंबरपर्यंतचे नियम धरतात, ऑगस्ट ते जानेवारीमधल्या परीक्षेला 30 जूनपर्यंतचे. उदाहरणार्थ, खात्याला चार नॉमिनींपर्यंत नावं लावायची सोय 1 नोव्हेंबर 2025 पासून आली. काउंटरवर त्या दिवसापासून नवा नियम चालला, पण त्या महिन्यातल्या पेपराला जुनाच नियम धरायचा. रोज नवे परिपत्रक वाचणाऱ्या बँकवाल्याचाच इथे घोटाळा होतो, बाहेरच्याचा नाही.

ग्रुपवर फिरणारे 'रिकॉल' प्रश्न, म्हणजे आधी परीक्षा दिलेल्यांनी आठवून लिहिलेले, बघा, पण शेवटच्या आठवड्यात आणि फक्त प्रश्नाची धाटणी कळण्यासाठी. त्यांच्या खाली लिहिलेली उत्तरं मी पुस्तकाशी ताडून पाहिली तेव्हा बरीच चुकीची निघाली.

मेच्या सुमारास होणाऱ्या परीक्षेला बसणार असाल तर मार्च एंड, म्हणजे बँकेची वर्षअखेर, डोळ्यांसमोर ठेवा. 20 मार्च ते 5 एप्रिल अभ्यास होत नाही, हे आधीच धरून चाला. मी वेळापत्रकात ते दिवस भरून ठेवले होते, आणि ते हुकले तेव्हा इतकी खचले की एप्रिलचा पुढचा आठवडाही गेला. दुसऱ्या प्रयत्नाला नोव्हेंबर होता. गणपती आणि दिवाळीचे दिवस मी मोकळेच सोडले. घरात कुणाची बोलणी खावी लागली नाहीत आणि मलाही चोरट्यासारखं वाटलं नाही. साहेबांनाही आधी सांगून ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात कॅश काउंटरऐवजी दुसरं टेबल मिळालं तर संध्याकाळचा ताण निम्मा होतो. आमच्या साहेबांनी मागितल्यावर लगेच दिलं; पहिल्या वेळी मी मागितलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी एकच पेपर होता. पहिल्या फेरीत वाचून लगेच येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत गणितं, एकाला दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. शेवटची दहा मिनिटं उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही खूण करण्यासाठी राखलेली. 63 पडले.

निकाल लागला की गुणपत्रक जोडून वेतनवाढीचा अर्ज शाखेतून लगेच पुढे पाठवा. आपोआप होईल म्हणून थांबू नका. आणि आवक क्रमांक घातलेली पोचप्रत स्वतःकडे ठेवा. माझा अर्ज वरच्या कार्यालयात दोन महिने कुणाच्या तरी टेबलावर पडून होता. पोच दाखवल्यावर तो सापडला आणि मागच्या महिन्यांच्या फरकासकट पैसे आले.