लॉग उडवला, तरी डिस्क भरलेलीच

उबुंटू सर्व्हरवर 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) रूट म्हणजे मुख्य पार्टिशन 100 टक्के भरलंय म्हणत होतं. फाइलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू'ची बेरीज मात्र निम्म्यावरच थांबत होती. फुगलेली लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) 'आरएम' या डिलीटच्या कमांडने आधीच उडवली होती, आणि घोळ नेमका तिथेच होता.

'आरएम' फक्त फाइलचं नाव काढतं. एखाद्या चालू प्रोसेसने ती उघडून धरली असेल, तर तिने व्यापलेले डिस्कवरचे ब्लॉक मोकळे होत नाहीत. 'डीयू' नावं धरून मोजतं, म्हणून त्याला ती दिसत नाही. 'डीएफ' थेट फाइलसिस्टिमला विचारतं.

अशा उडवलेल्या पण अजून उघड्या फाइली शोधायला 'सुडो एलएसओएफ +एल1' (एल कॅपिटल; 'सुडो' म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने). पुढे 'डिलीटेड' लिहिलेल्या ओळींतला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), एफडी (त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलचा क्रमांक) आणि आकार बघा. एफडीखाली '4डब्ल्यू' असेल तर क्रमांक 4. यादीत डेटाबेसच्या तात्पुरत्या फाइलीही असतात, त्यांना हात लावायचा नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा लगेच सुटते. रीस्टार्ट परवडत नसेल, तर 'सुडो ट्रंकेट -एस 0 /प्रॉक/पीआयडी/एफडी/4' करून फाइल रिकामी करा; पीआयडी आणि 4च्या जागी खरे आकडे. बरेच जण इथे 'सुडो इको' करून आउटपुट फाइलकडे वळवतात आणि परवानगी नाकारली जाते; कारण वळवण्याचं काम सुडो नाही, तुमचं साधं शेल (तुम्ही टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) करतं.

पुढच्यासाठी लॉग ठरावीक काळाने बदलणारं लॉगरोटेट लावा. त्यातलं 'कॉपीट्रंकेट' (लॉगची कॉपी करून मूळ फाइल रिकामी करणं) सोपं, पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणातल्या ओळी गळू शकतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरसारखी सर्व्हिस सिग्नल मिळाल्यावर लॉग नव्याने उघडते, तिथे 'पोस्टरोटेट'च (लॉग बदलल्यावर तो सिग्नल पाठवणारी कमांड लिहायची जागा) बरं.