या चुका टाळा: गो-टू टेलिस्कोपला पहिल्याच रात्री नापास करू नका

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नव्याकोऱ्या गो-टू, म्हणजे सांगितलेला तारा किंवा ग्रह स्वतः शोधणाऱ्या कॉम्प्युटराइज्ड टेलिस्कोपचा फोटो पाठवतं आणि खाली ठरलेलं वाक्य, "पीस डिफेक्टिव्ह आलाय वाटतं, परत करू का?" किती वेळ लावून बघितला विचारलं की उत्तर येतं, काल रात्री अर्धा तास. अहो, अर्ध्या तासात काही वेळा आरसासुद्धा थंड होत नाही.

मुळात या यंत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक ऑप्टिक्स, म्हणजे आरसा किंवा लेन्स, दुसरं माउंट (ट्यूब धरून फिरवणारा भाग) आणि ट्रायपॉड, तिसरा हँडसेटमधला कॉम्प्युटर. नवीन माणूस एकाचा राग दुसऱ्यावर काढतो. शनी सापडला नाही की म्हणे आरसा खराब, सापडला पण थरथरला की मोटर खराब. क्वालिटी बघायची तर तिघांना वेगवेगळं तपासा, आणि त्याच्याही आधी स्वतःला तपासा, कारण मी बघितलेल्या बहुतेक केसेसमध्ये बिघाड हँडसेटची बटणं दाबणाऱ्यात होता.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे तारीख. हो, साधी तारीख. एका मित्राचा ९ एप्रिलला संध्याकाळी फोन आला, पाच वेळा अलाइनमेंट (ओळखीचे तारे दाखवून हँडसेटला आकाश जुळवून देणं) केली, पाचही वेळा फेल, उद्या परत पाठवतोय. म्हटलं थांब, येतो. गेलो तर साहेबांनी खोकं आधीच टेप लावायला काढून ठेवलेलं. मी म्हटलं माझ्यासमोर एकदा कर. हँडसेटने पहिला तारा अभिजित सुचवला, ट्यूब घरघर करत थेट डोक्यावर गेली, आणि याने तिथे जवळपास जो ठळक तारा दिसला तो मधोमध आणून एंटर दाबलं. तो होता पुनर्वसूतला पोलक्स. एप्रिलमध्ये रात्री आठला अभिजित उगवलेला तरी असतो का! तो असता तर मी काही बोललोच नसतो. मग मी अलाइनमेंट सोडून देऊन मृगातला तेजोमेघ मागितला. पश्चिमेला मृग चांगला लखलखीत दिसत होता आणि हँडसेट म्हणतो, ऑब्जेक्ट क्षितिजाखाली आहे. तिथे ट्यूब पेटली (माझ्या डोक्यातली). त्या हँडसेटला आधी महिना लागत होता, मग दिवस. याने सवयीने ०९ ०४ टाकलेलं. म्हणजे बिचारा कॉम्प्युटर ४ सप्टेंबरचं आकाश गृहीत धरून चालला होता, आणि ४ सप्टेंबरला रात्री आठला अभिजित डोक्यावर असतो आणि मृग खरंच क्षितिजाखाली असतो. यंत्र शंभर टक्के बरोबर होतं! तारीख बदलली, स्वाती आणि व्याध घेतले, दहा मिनिटांत तेजोमेघ आयपीसमध्ये (डोळा लावतो ते भिंग). खोकं परत माळ्यावर.

यात गंमत अशी की १३ तारखेपासून हा घोळ होतच नाही, कारण तेरावा महिना नसल्यामुळे हँडसेट स्वतःच नकार देतो. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत "डिफेक्टिव्ह पीस" म्हणणारा कोणी भेटला की मी काही न विचारता आधी तारीख बघायला सांगतो.

तारखेचेच भाऊबंद म्हणजे टाइम झोन, डेलाइट सेव्हिंगचा हो-नाही, आणि रेखांशाचं पूर्व-पश्चिम. हे तिन्ही मी एका कागदाच्या पट्टीवर लिहून हँडसेटच्या मागे चिकटवलेत आणि तारीख टाकताना महिन्याचं नाव मोठ्याने म्हणतो, घरचे हसतात, हसू देत. आणि दोन तारे तरी ओळखायला शिका हो. हँडसेट म्हणतो म्हणून नाही, स्वतःला ओळखता येतात म्हणून. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे नेला की चित्रा, एवढं शिकायला एक संध्याकाळ लागते. पण लोकांना आकाश न शिकता आकाश बघायचं असतं, त्याला माझा इलाज नाही. अलाइनमेंटचे तारे एकमेकांपासून लांबचे घ्या, क्षितिजाला टेकलेले नकोत, ताऱ्यांच्या अलाइनमेंटमध्ये चुकून ग्रह तर मुळीच नको (तांबूस मंगळाला ज्येष्ठा समजणारे मी पाहिलेत). तारा मधोमध आणताना शेवटचा धक्का बऱ्याच हँडसेटवर वर आणि उजव्या बटणाने द्यायचा असतो, म्हणजे गिअरमधली ढिलाई दोन्ही ताऱ्यांना एकाच बाजूने बसते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल कोण वाचतो.

एवढं सगळं बरोबर करून पुढचा ऑब्जेक्ट २५ मिमीच्या आयपीसमध्ये कुठेही, अगदी कडेला जरी दिसला तरी गो-टू पास. बरोब्बर मध्ये यायलाच हवा हा हट्ट या वर्गाच्या माउंटकडून करू नका. ट्रॅकिंग, म्हणजे मोटरने ताऱ्याच्या मागे जाणं बघायचं तर एखादा तारा मधोमध ठेवून पंधरा मिनिटं खुर्चीत बसा. आकाश ४ मिनिटांत १ अंश सरकतं, तेव्हा मोटर काम करत नसती तर तारा केव्हाच बाहेर गेला असता. थोडा सरकला तर चालतं.

बॅटरी. खोक्यासोबत जो पेन्सिल सेलचा डबा येतो तो तपासणीसाठी वापरूच नका. व्होल्टेज उतरलं की हँडसेट रीसेट होतो, ट्यूब मधेच भलतीकडे धावते आणि माणूस म्हणतो मोटर गेली. चांगला १२ व्होल्टचा सप्लाय घ्या, पिनची पोलॅरिटी दोनदा बघा.

"५०० पट मोठं दाखवतो" आणि "४०,००० ऑब्जेक्ट" या दोन आकड्यांवरून क्वालिटी ठरवणाऱ्यांशी मी आता वादच घालत नाही. उपयोगी मोठेपणाची ढोबळ मर्यादा आरशाच्या किंवा लेन्सच्या व्यासाच्या प्रत्येक मिमीला २ पट, म्हणजे ७० मिमीला १४०. आणि तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका यांची मेसिएची अख्खी यादी ११० ऑब्जेक्टची आहे, एनजीसी ही त्याहून मोठी यादी ७,८४०ची, त्यातलेही कित्येक छोट्या दुर्बिणीत दिसणारच नाहीत, मग ४०,००० काय लोणचं घालायचंय? त्यापेक्षा ट्यूबची लांबी बघा. ट्यूब जेमतेम अर्धा मीटर, साधा न्यूटोनियन (आरशाचा टेलिस्कोप) दिसतोय आणि फोकल लेंथ १००० मिमी लिहिलीय, तर फोकसरमध्ये एक लेन्स लपवलेली असण्याची शक्यता दाट. असले टेलिस्कोप कोलिमेट करताना, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवताना, रडवतात. मी असला घेऊ नका म्हणून सांगतो.

आता ऑप्टिक्स. इथे सगळ्यांना स्टार टेस्ट करायची घाई. टेस्ट छानच आहे, पण मी स्वतः तिच्यापायी तीन रात्री घालवल्यात. घरातून गरम ट्यूब बाहेर आणली, लगेच तारा डिफोकस केला, तर चकती एका बाजूला पिसारल्यासारखी. म्हटलं कोलिमेशन गेलं, लागलो स्क्रू फिरवायला. तासाभराने ट्यूब थंड झाली तेव्हा कळलं की तो पिसारा नळीतल्या गरम हवेचा होता आणि जे कोलिमेशन ठीक होतं ते मी माझ्या हाताने बिघडवलं. तेव्हापासून माझा नियम, टेलिस्कोप बाहेर काढून किमान पाऊण तास स्क्रूला हात नाही, आणि बंद नळीचा माक्सुटोव्ह असेल तर त्याहून जास्त. मग उंचावरचा तारा घ्या, जास्त पॉवर लावा, फोकसच्या किंचित आत आणि किंचित बाहेर जा. दोन्हीकडे कड्या एकसारख्या आणि एकात एक गोल बसलेल्या दिसल्या की झालं. थोडा फरक असतोच, बाऊ करू नका. कड्या एका बाजूला सरकलेल्या असतील तर कोलिमेशन, ते घरी जमतं.

आणि एकाच टेस्टवर निकाल देऊ नका. हबल अंतराळ दुर्बिणीचंच बघा, १९९० साली आकाशात गेला तेव्हा आरशाची कड साधारण २ मायक्रॉनने जास्त सपाट निघाली, कारण ज्या उपकरणाने आरसा तपासला त्यातलीच एक लेन्स १.३ मिमीने चुकीच्या जागी होती. दुसऱ्या साध्या तपासण्यांमध्ये गडबड दिसलेली, पण त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवून दुरुस्ती करावी लागली. आपल्याला तर नुसतं दुसऱ्या रात्री परत बघायचंय. मी दुसरी टेस्ट म्हणून अभिजितशेजारचा एप्सिलॉन लायरे बघतो. कमी पॉवरला दोन तारे, हवा शांत असताना दीडशेच्या आसपास गेलं की त्या दोघांचेही दोन-दोन होतात, साधारण सव्वादोन विकलांच्या अंतराने (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). १०० मिमीच्या आसपासच्या टेलिस्कोपने चारही सुटे दाखवले तर आरशाला नावं ठेवू नका.

बाकीचं पटापट. खिडकीच्या काचेतून बघून निकाल देऊ नका. दिवसभर तापलेल्या गच्चीवर रात्री लगेच नको. ट्यूबला टिचकी मारून थरथर मोजा, दोन-तीन सेकंदांत थांबली तर उत्तम, पाचच्या वर गेली तर आधी ट्रायपॉडचे पाय आत घ्या. अलाइनमेंटनंतर ट्यूब हाताने ढकलू नका. तेजोमेघात फोटोसारखे रंग दिसणार नाहीत, तो दोष आपल्या डोळ्यांचा. फाइंडर (ट्यूबवरचा नेम धरायचा छोटा भाग) दिवसा लांबच्या टोकावर जुळवा, पण सूर्याच्या आसपाससुद्धा जाऊ नका, डोळा जाईल.

मग खरा खराब पीस कसा ओळखायचा? ट्यूब पूर्ण थंड असताना, दोन-तीन रात्री सलग, तारा त्रिकोणी दिसतोय, किंवा फोकसच्या आत लांबट आणि बाहेर गेलं की त्याच लांबटपणाची दिशा काटकोनात फिरते. आधी डोकं तिरकं करून बघा, लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर चष्म्याचा नंबर काढा, आयपीसबरोबर फिरला तर आयपीस बदला. फिरला नाही तर तो दोष टेलिस्कोपचा. किंवा चांगल्या सप्लायवरही एक मोटर एकाच दिशेने चालते. असं असेल तर खुशाल परत करा. खोकं आणि थर्माकोल तोपर्यंत फेकू नका.