तुम्ही राहता तो देश कर्ज बुडवतो तेव्हा: या चुका टाळा

श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचं १२ एप्रिल २०२२ रोजी जाहीर केलं. कोलंबोत नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाचा व्हिसा त्या दिवशी रद्द झाला नाही आणि खात्यातली शिल्लकही तेवढीच राहिली. त्याला बसायचा तो फटका महिनाभर आधीच बसायला लागला होता. ७ मार्चला तिथल्या मध्यवर्ती बँकेने रुपयाला धरून ठेवणं सोडलं आणि डॉलरला दोनशेच्या आसपास असलेला श्रीलंकन रुपया मे महिन्यापर्यंत ३६०च्या घरात गेला. मार्च संपताना तिथे दिवसाला तेरा-तेरा तास वीज जात होती.

बातमीची वाट पाहत बसणं

म्हणजे कर्ज बुडाल्याची घोषणा झाल्यावर हालचाल करणं हे वरातीमागून घोडं. लेबनॉनने १२० कोटी डॉलरच्या रोख्यांचे पैसे मार्च २०२० मध्ये थकवले, पण तिथल्या बँका ऑक्टोबर २०१९ पासूनच डॉलर द्यायला काचकूच करत होत्या. पैशाच्या बाबतीत सरकारी निवेदनांपेक्षा बँकेच्या काउंटरवरच्या माणसावर विश्वास ठेवावा. परकीय चलन मागितलं की तो ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणू लागला किंवा सरकारी दर आणि रस्त्यावरचा दर यांतलं अंतर महिन्यागणिक वाढू लागलं, की समजायचं काय ते.

पगाराचा आकडा पाहून निश्चिंत राहणं

करारात ‘महिना ३ लाख’ लिहिलं आहे, पण ते कुठले? श्रीलंकन रुपये असतील तर २०२२च्या सुरुवातीला त्याचे भारतात साधारण १ लाख १० हजार होत होते. मे महिन्यात तोच पगार ६५ हजारांवर आला. डोंबिवलीतल्या घराचा हप्ता मात्र होता तेवढाच राहतो. शिवाय तिथला खर्चही वाढत जातो: सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ६९.८ टक्के होती.

करार करतानाच पगार डॉलरमध्ये ठरवून घ्या. निदान काही भाग कंपनीने थेट भारतातल्या तुमच्या एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात पाठवावा, असं लेखी घ्या. करार होऊन गेला असेल तर चलनाचा दर अमुक टक्क्यांहून जास्त घसरला की पगाराचा फेरविचार होईल, एवढं कलम तरी मागून पाहा. मागायला लाज कसली? कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या देशात असेल तर हे मान्य होण्याची शक्यता बरीच असते.

‘माझे पैसे डॉलरमध्ये आहेत, मला काय भीती?’

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबू. बँकेने तुमच्या नावावर डॉलरचा आकडा लिहिला म्हणजे तिच्या तिजोरीत तेवढे डॉलर आहेत असं नव्हे. ती बँक त्याच देशातली, तिने आपल्याच सरकारला आणि मध्यवर्ती बँकेला पैसे दिलेले. सरकारने हात वर केले की बँकेकडे उरतात फक्त आकडे.

लेबनॉनमध्ये अशा अडकलेल्या डॉलरना लोकांनी ‘लोलर’ असं नावच ठेवलं, म्हणजे लेबनीज डॉलर. ते काढायचे तर स्थानिक लिरामध्ये आणि मध्यवर्ती बँकेने ठरवलेल्या दराने. २०२१च्या जूनमध्ये बाजारात डॉलरला १५ हजार लिरा मिळत असताना बँक देत होती ३,९००. म्हणजे रुपयातले बारा आणे गेले आणि हातात राहिले चार! परदेशातून नव्याने आलेल्या डॉलरना मात्र तिथे ‘फ्रेश’ म्हणत आणि ते काढता येत. एकाच बँकेत, एकाच माणसाचे, दोन प्रकारचे डॉलर.

अर्जेंटिनाने हेच त्याच्या २० वर्षं आधी केलं होतं. १ डिसेंबर २००१ला खात्यातून आठवड्याला २५० पेसोंची मर्यादा आली, महिना संपायच्या आत कर्जफेड थांबली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये डॉलरच्या ठेवी डॉलरला १.४० पेसो या दराने पेसोत बदलून टाकल्या. पेसो पुढे काही महिन्यांत डॉलरला साडेतीनच्याही खाली घसरला. या फर्मानात स्थानिक आणि परदेशी ठेवीदार असा भेद नव्हता.

तेव्हा त्या देशात दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढंच ठेवा. बाकीचं बाहेर, दर महिन्याला, पगार झाला की लगेच. साठवून वर्षाअखेरीस एकदम पाठवू म्हणणाऱ्यांचेच पैसे अडकतात.

घाबरून घरात नोटा साठवणं

पैसे बँकेत ठेवायचे नाहीत तर गादीखाली ठेवू, हा पुढचा मोह. श्रीलंकेने जून २०२२ मध्ये जवळ बाळगायच्या परकीय चलनाची मर्यादा १५ हजार डॉलरवरून १० हजारांवर आणली आणि जास्तीचं बँकेत भरायला किंवा विकायला कामकाजाचे १४ दिवस दिले. हा नियम तिथे राहणाऱ्या सगळ्यांसाठी होता. हुंडीवाल्याकडून (तिकडे त्याला उंडियाल म्हणतात) चांगला दर मिळतो हे खरं, पण पावती मिळत नाही. उद्या भारतात ‘हा पैसा कुठून आला’ असं विचारलं तर दाखवणार काय?

भारतातलं कार्ड घरी कपाटात ठेवून जाणं

ग्रीसने जून २०१५ अखेर बँका बंद केल्या तेव्हा स्थानिक कार्डावर दिवसाला ६० युरोंची मर्यादा होती. परदेशी बँकेच्या कार्डांना ती लागू नव्हती. ज्यांच्याकडे दुसऱ्या देशातलं कार्ड होतं त्यांची गैरसोय बरीच कमी झाली, अर्थात एटीएममध्ये नोटा असतील तर.

आपल्याकडे अडचण वेगळीच येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशात चालतं. परदेशातला वापर आपण सुरू करून घ्यावा लागतो. तो सुरू करायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो रिचार्ज संपून बंद पडलेल्या भारतीय नंबरवर. हे काम विमानतळावर जायच्या आधी करा. सिम चालू ठेवा.

पासपोर्ट मालकाकडे ठेवणं

कोकणातून आखातात गेलेल्यांना ‘कफील’ (ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो मालक) हा शब्द समजावून सांगायला नको. लेबनॉनमध्ये घरकाम करणाऱ्या परदेशी बाया याच कफाला पद्धतीवर राहतात. डॉलर मिळेनासे झाल्यावर मालकांनी पगार थांबवले किंवा लिरात दिले आणि जून २०२० मध्ये तर कित्येक इथिओपियन बायांना बैरूतमधल्या त्यांच्या वकिलातीच्या दारात सामानासकट आणून सोडलं. काहींकडे पासपोर्टही नव्हते.

भारतीय दूतावासात नाव नोंदवलेलं असू द्या. पगार थकला तर ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. अगदीच अडकलेल्या माणसाला परतीच्या तिकिटासाठी भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळू शकते. बुडालेला पगार मात्र दूतावास भरून देत नाही. करार, पगाराच्या पावत्या आणि बँकेची विवरणपत्रं यांचे फोटो भारतात कुणाकडे तरी पाठवून ठेवा.

नाणेनिधीचे पैसे आले म्हणजे संपलं असं समजणं

श्रीलंकेला मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं सुमारे ३०० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ जूनपासून बँका सलग पाच दिवस बंद होत्या, कारण आता देशांतर्गत कर्जाची फेररचना चालू होती. बँकेतल्या ठेवींना हात लागला नाही. भार आला भविष्यनिर्वाह निधीवर. तुमच्या पगारातून अशा निधीत रक्कम कापली जात असेल तर तिचं विवरणपत्र काढून घ्या आणि देश सोडताना ती कोणत्या कागदावर मिळते हे कंपनीच्या लेखा विभागाला आत्ताच विचारा.