फुकटच्या सेवेवर आपला डेटा सोपवताना या चुका टाळा

‘क्लाउडवर आहेत की’ म्हणून लोक फोनमधले फोटो बिनधास्त पुसून टाकतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एकच प्रत उरली आणि तीही दुसऱ्याच्या सर्व्हरवर, म्हणजे आपल्या हातात काहीच उरलं नाही. मायस्पेस या सोशल नेटवर्कवर २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली कोट्यवधी गाणी सर्व्हर बदलताना कायमची गेली, हे २०१९ मध्ये बाहेर आलं. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, पण बहुतेक गाणी काही परत आली नाहीत.

गूगलचं वैयक्तिक अकाउंट दोन वर्षं वापरलं नाही, तर तेही डिलीट होऊ शकतं. घरातल्या एखाद्या गेलेल्या माणसाचे फोटो अशा अकाउंटमध्ये असतील, तर आजच उतरवून घ्या. गूगल टेकआउट या गूगलच्याच सेवेतून सगळा डेटा एकदम मागवता येतो. झिप फाइल आली म्हणजे काम झालं असं समजू नका. ती उघडून चार फोटो पाहा आणि मगच वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

सिंकला, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवण्याला, बॅकअप समजणं ही याच चुकीची धाकटी बहीण. सिंक चालू असताना फोनवर फोटो पुसला, की तो क्लाउडवरूनही जातो. असं झालंच तर आधी ट्रॅश उघडा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो.

कंपनी मोठी म्हणून निर्धास्त राहू नका. २०१३ मध्ये याहूची सगळीच्या सगळी, सुमारे ३ अब्ज अकाउंट फुटली होती, म्हणजे त्यांची माहिती चोरांच्या हाती लागली होती. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला असेल, तर एक जागा फुटताच बाकीच्या नऊ उघड्या पडतात. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला ईमेल टाकून तो कोणत्या गळतीत सापडला ते पाहा. पासवर्ड बदलायला सुरुवात मात्र ईमेलपासूनच करा, कारण बाकी सगळ्यांच्या रिसेटच्या लिंक तिथेच येतात.

‘गूगलने लॉगिन करा’ म्हणताना समोरचं ॲप काय काय मागतंय, ते वाचा. नको असलेली ईमेल बंद करून देणारी अनरोल मी ही फुकट सेवा खूप लोकप्रिय होती. लोकांच्या इनबॉक्समधल्या पावत्यांतली माहिती, नावं काढून, विकली जात होती, हे २०१७ मध्ये कळलं. इनबॉक्स उघडून देणं म्हणजे घराची किल्ली देणं, इतकं ते गंभीर आहे. ॲप फोनवरून काढलं तरी दिलेली परवानगी चालूच राहते. ती गूगल अकाउंटमध्ये जोडलेल्या ॲपच्या यादीत जाऊन काढावी लागते.

आणि क्रम सांभाळा: आधी डेटा उतरवा, मग ॲपच्या आतून अकाउंट डिलीट करा, शेवटी परवानगी आणि ॲप काढा. ॲप आधी काढलं, तर अकाउंट मागे तसंच राहतं आणि वर्षभराने त्याचा पासवर्डही आठवत नाही.