अधिकाऱ्यांचा मान: घरच्या प्रार्थनासभेत हा पाठ कसा घ्यावा

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात हा पाठ मासेमारी बंदीत घ्यावा. १ जून ते ३१ जुलै होड्या शाकारलेल्या असतात, माणसं तासभर निवांत बसतात आणि सरकारी नियमांवरची कुरकुर आयतीच चालू असते.

सुरुवात बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या १३:१ पासून (‘प्रत्येकाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं’) करू नये. आधी १२:१७-२१ वाचावं, सूड न घेण्याबद्दलचं. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते. विचार सलग पुढे जातो. १३:१ एकटंच वाचलं की हमखास प्रश्न येतो, ‘मग लाच मागणाऱ्याचंही ऐकायचं?’ तेव्हा बोट चौथ्या वचनावर ठेवावं: अधिकारी तुमच्या हितासाठी देवाचा सेवक आहे. म्हणजे मोजमाप त्यालाही लागू. पत्र साधारण इ.स. ५७ चं, रोमच्या गादीवर तेव्हा नीरो. राजा भला होता म्हणून पौलाने हे लिहिलं, असं कुणी समजू नये.

पुढचा अर्धा तास १ शमुवेल २४ ला द्यावा. राजा शौल ३,००० माणसं घेऊन दावीदाला मारायला त्याच्या मागे आहे, आणि गुहेत शौलच दावीदाच्या हाती सापडतो. दावीद फक्त झग्याचा काठ कापतो, पण तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. मग तो काय करतो ते ऐकणाऱ्यांकडूनच काढून घ्यावं: जमिनीपर्यंत वाकतो, ‘माझ्या बापा’ म्हणतो, अन्याय तोंडावर सांगतो, पुरावा म्हणून तो काठ दाखवतो, न्याय परमेश्वरावर सोपवतो. शेवटचं वचन बहुतेक जण गाळतात. शौल रडून घरी जातो. दावीद त्याच्याबरोबर जात नाही, गडावर जातो. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘मान राख, परत जा’ असं सांगणाऱ्यांनी हे वचन दोनदा वाचावं.

आज्ञापालनाची मर्यादा थोडक्यात: निर्गम १:१७ मधल्या सुइणी, ज्यांनी राजाचा हुकूम मोडून बाळं जगवली, आणि प्रेषितांची कृत्ये ५:२९, ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’. पाप करायचा हुकूम आला तर नकार. बंदी खिशाला जाचते म्हणून होडी काढणं यात बसत नाही.

एक घोटाळा मंडळीतच होतो. पाळकांना पैशाचा हिशेब विचारला की ‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका’ हे स्तोत्र १०५:१५ पुढे येतं. चौदावं वचन सोबत वाचा: तिथे दटावलंय ते राजांना! आणि पैशाबाबत पौल स्वतः किती जपून वागला, ते २ करिंथ ८:२०-२१ मध्ये आहे.

मग सराव. एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध मत्स्यव्यवसाय खात्याला अर्ज लिहायला लावावा: तारीख, वेळ, जागा, नौकेचा क्रमांक, ‘हे सगळे चोर’ असलं एकही वाक्य नको. दोन प्रती काढाव्यात, एकीवर पोच घ्यावी. फिलिप्पै शहरात पौलानेही आपला नागरिकत्वाचा हक्क मागितलाच (कृत्ये १६:३७). बैठकीत पोलीस पाटील बसले असतील तर उदाहरणं दुसऱ्या गावची घ्यावीत.

शेवटी १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे प्रार्थना. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, ज्यांच्याकडे अर्ज जाणार ते साहेब, सगळ्यांची नावं आधीच चिठ्ठीवर लिहून आणावीत. नाहीतर ‘सर्व अधिकाऱ्यांना आशीर्वाद दे’ एवढ्यावर उरकतं आणि चहा येतो.