होजिअरीच्या कापडाचा टी-शर्ट घरच्या मशीनवर कसा शिवावा

घरातला एखादा जुना सुती टी-शर्ट उजेडात धरा आणि कापड अगदी जवळून बघा. सुलट बाजूला बारीक उभ्या वेण्या दिसतील, उलट बाजूला आडव्या लहरी. स्वेटर विणणाऱ्या बाईला हे लगेच ओळखू येईल. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणत गेलं की असंच कापड होतं. इथे धागा बारीक आहे आणि विणायला यंत्र आहे, एवढंच. मागावरचं विणणं आणि सुयांवरचं विणणं या दोन्हींना मराठीत शब्द एकच, पण शिवायला बसलं की दोन्हींतला फरक पावलोपावली जाणवतो. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना घट्ट बांधून ठेवतात. टी-शर्टच्या कापडात धाग्याचे फासात फास अडकलेले असतात. ताणलं की फास रुंद होतात, सोडलं की परत जागेवर येतात.

आपल्या शिवणक्लासात झबलं, परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस असं शिकवतात, आणि हे सगळं मागावरचं कापड. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथे तेच निघतं. होजिअरी म्हटलं की तमिळनाडूतलं तिरुपूर. त्यामुळे वीस-वीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बायकाही टी-शर्टच्या कापडाला हात लावायला कचरतात. मीही पहिला टी-शर्ट ब्लाउजसारखाच साध्या सरळ टिपेने शिवला. अंगात छान बसेल असा झाला होता, पण डोक्यातून घालताना गळ्याची टीप कटकट तुटत गेली. कापड ताणलं गेलं, टाका ताणला गेला नाही. पुढे जे सांगते आहे ते जवळजवळ सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: शिवताना कापड ताणायचं नाही, आणि शिवून झाल्यावर टाका कापडाबरोबर ताणला गेला पाहिजे.

कापड निवडताना

दुकानात होजिअरी, जर्सी, इंटरलॉक, रिब, लायक्रा अशी नावं ऐकू येतील. साधी सिंगल जर्सी म्हणजे नेहमीच्या टी-शर्टचं कापड. कापली की तिच्या कडा गुंडाळत जातात आणि नवशिक्याची तारांबळ उडते. इंटरलॉक दुहेरी विणीचं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, कडा न गुंडाळणारं. पहिल्या खेपेला इंटरलॉकच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. रिब म्हणजे उभ्या रेघारेघांचं, खूप ताणलं जाणारं कापड, गळ्याच्या पट्टीला उत्तम. घसरडं, चकचकीत, पोहण्याच्या पोशाखाचं लायक्रा कापड मात्र हात बसल्यावरच घ्यावं.

कापडावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. टी-शर्टला १६० ते २०० बरं. होजिअरी बऱ्याच ठिकाणी किलोवर विकतात, तेव्हा हा आकडा उपयोगी पडतो. १८० जीएसएमचं, ७२ इंच पन्ह्याचं कापड एका किलोत साधारण तीन मीटर बसतं. मोठ्या माणसाच्या टी-शर्टला या पन्ह्यात सव्वा मीटर पुरतं.

ताण तपासायची पद्धत सोपी आहे. पन्ह्याच्या दिशेने कापडाची घडी घाला, ४ इंचांवर दोन्ही हातांनी धरा आणि पट्टीवर ताणा. ६ इंचांपर्यंत सहज गेलं तर पन्नास टक्के ताण, टी-शर्टला भरपूर. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोडल्यावर ते पुन्हा ४ इंचांवर येतं का. साडेचारवरच रेंगाळलं तर त्या कापडाच्या टी-शर्टचे कोपर आणि गळे महिन्याभरात लोंबू लागतील. ९५ टक्के सुती आणि ५ टक्के लायक्रा असलेलं कापड परत जागेवर येण्यात चांगलं असतं.

आणलेलं कापड आधी धुवा. सुती होजिअरी आटते, लांबीत जास्त. पुढे टी-शर्ट जसा धुणार असाल तसंच धुवा, पण दोरीवर लटकवू नका. ओल्या कापडाच्या वजनानेच ते लांबत जातं. चादरीवर सपाट पसरून वाळवा.

सुई, दोरा, मशीन

नेहमीच्या सुईचं टोक अणकुचीदार असतं. ते धाग्याचा फास कापतं, आणि मोज्याला जशी उभी शिडी पडते तशी टिपेजवळ भोकं पडून कापड उसवत जातं. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, त्यामुळे ती फास बाजूला सारून मधून जाते. दुकानदाराला ‘होजिअरीची बॉलपॉइंट सुई, ११ नंबर’ असं सांगा. जाड कापडाला १४. लायक्रा जास्त असेल आणि टाके सुटत असतील तर ‘स्ट्रेच’ म्हणून मिळणारी सुई घ्या. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको.

मशीनवर झिगझॅग असेल तर टाक्याची रुंदी अर्धा ते एक आणि लांबी अडीच ठेवा. दिसायला ही टीप जवळजवळ सरळच दिसते, पण तिच्यातल्या बारीक नागमोडीमुळे ती ताणली जाते. घरात जुनं काळं, फक्त सरळ टीप घालणारं मशीन असेल तरी अडून बसायचं कारण नाही. टाका बारीक ठेवा, शिवताना कापडाला पुढून-मागून अगदी हलका ताण द्या, आणि पहिल्या टिपेच्या एक सूत (इंचाचा आठवा भाग) बाहेर दुसरी टीप घाला. एवढ्या जागी ‘ताणू नका’ हा नियम मोडायचा, कारण सरळ टिपेत ढील यायला दुसरा मार्ग नाही. अशा मशीनवर अगदी अंगाला घट्ट बसणारे कपडे नकोत. सैलसर टी-शर्ट, लहान मुलांचे पायजमे छान होतात.

काही मशीनना कापड दाबून धरणाऱ्या फुटाचा दाब कमी-जास्त करता येतो. जुन्या मशीनवर फुटाच्या दांडीच्या माथ्यावर फिरकी असते, ती थोडी सैल करा. दाब जास्त असला की खालचे दात खालचं कापड पुढे नेतात आणि फूट वरचं अडवून धरतो. मग शिवण पापडासारखी लाटालाटांची होते. कापडाच्या कडा दोऱ्याने बांधणारं ओव्हरलॉक मशीन नसेल तर चिंता नको. होजिअरीच्या कडांचे धागे मागावरच्या कापडासारखे सुटत नाहीत. हवंच असेल तर पिको-फॉल करणाऱ्यांकडून आतल्या कडा ओव्हरलॉक करून आणता येतात.

यानंतर कापडाच्या तुकड्यावर नमुन्याची टीप घाला आणि जोरात ताणा. दोरा तुटला तर झिगझॅगची रुंदी वाढवा, किंवा वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. या तुकड्याला दिलेली पाच मिनिटं नंतरची तासाभराची उसवाउसव वाचवतात.

कागदी पॅटर्न

ब्लाउजचं कटिंग इथे वापरू नका. त्यात टक्स आणि ढील धरलेली असते, तर होजिअरीत कापडच ते काम करतं. अंगाला नीट बसणारा, न लोंबलेला जुना टी-शर्ट घ्या, उभा अर्ध्यात दुमडा आणि वर्तमानपत्रावर ठेवून आखा. मुंढ्याची गोलाई बाहेरून आखता येत नाही. मुंढ्याच्या शिवणीवर टाचणी टोचत जा, खाली कागदाला भोकं पडतील, ती पेन्सिलने जोडा. पुढचा गळा खोल, पाठीचा उथळ, म्हणून पुढचा आणि मागचा कागद वेगळे करा. बाही तशीच, वेगळ्या कागदावर. मग सगळीकडे तीन सूत माया, म्हणजे शिवणीसाठीचं जास्तीचं कापड, वाढवा, खालच्या घेराला आणि बाहीच्या तोंडाला एक इंच दुमड. गळ्याला पट्टी लागणार आहे, तेव्हा जुन्या टी-शर्टवर पट्टी जिथे जोडली आहे ती शिवणीची रेघ आखा, पट्टीची वरची कड नव्हे, आणि तिथेही तीन सूत माया धरा.

कापणं

कापड अख्खंच्या अख्खं टेबलावर किंवा जमिनीवर ठेवा. अर्धं खाली लोंबत असेल तर वरचं ताणलेल्या स्थितीत कापलं जातं आणि नंतर आखडतं. घडी कापडाच्या कडेवरून घालू नका, कारण दुकानात ती वाकडी कापलेली असते. सुलट बाजूची एक उभी वेणी नजरेने धरा आणि त्या रेघेवर घडी घाला. जास्त ताण अंगाभोवती आडवा आला पाहिजे. टाचण्या टोचत बसण्यापेक्षा कागदावर स्टीलच्या वाट्या ठेवा आणि धारदार कात्रीने कापा. सुलट-उलट कळत नसेल तर आडवी कापलेली कड हलकेच ताणा. सिंगल जर्सी सुलट बाजूकडे गुंडाळते.

शिवण्याचा क्रम

आधी दोन्ही खांदे. टी-शर्टमध्ये न ताणायची जागा ही एकच. सगळ्या कपड्याचा भार खांद्यावर असतो आणि तो ताणत गेला की बाही दंडावर उतरते. म्हणून शिवणीत न ताणणारी पातळ सुती फीत किंवा मलमलच्या काठाची पट्टी धरून टीप घाला. शिवण सुरू करताना दोऱ्याची दोन्ही टोकं मागे धरून ठेवा, नाहीतर मशीन कापड खातं. कोपऱ्याखाली पातळ कागदाचा तुकडा ठेवला तरी चालतं, नंतर तो फाडून काढायचा.

मग गळा. इथे घाई नको, कारण टी-शर्ट घरचा वाटतो की दुकानातला हे गळाच ठरवतो. दोन्ही खांदे जोडल्यावर टेप उभी धरून गळ्याची गोलाई शिवणीच्या रेघेवर मोजा, कापलेल्या कडेवर नाही. समजा २२ इंच आली. पट्टी तिच्या ८५ टक्के लांब कापायची, म्हणजे पावणेएकोणीसच्या जरा आत, आणि जोडाची माया धरून साडेएकोणीस इंच. रुंदी दोन इंच. पट्टी पन्ह्याच्या दिशेने कापा, म्हणजे तिचा ताण लांबीला येईल. रिब जास्त ताणली जाते, तिला ८० टक्केही पुरतात. कमी ताणाच्या इंटरलॉकला ९० लागतील. पट्टीची टोकं जोडून गोल करा, उभी दुमडा आणि शिवण्याआधी डोक्यातून घालून बघा. ती जात नसेल तर गळा थोडा मोठा कापावा लागेल.

पट्टीचे चार समान भाग करून खडूच्या खुणा करा. गळ्याचेही चार समान भाग करा. पुढचा आणि पाठीचा मध्य मिळतो, पण बाजूच्या दोन खुणा खांद्याच्या शिवणीवर येत नाहीत, थोड्या पुढे येतात, कारण पुढचा गळा मोठा असतो. खांद्यालाच खूण मानलं तर पाठीकडे पट्टी सैल पडते आणि पुढे गळा चुण्या खातो. खुणांना खुणा टाचा, पट्टीचा जोड पाठीच्या मध्यावर ठेवा. शिवताना पट्टी वर आणि टी-शर्ट खाली. खुणेपासून खुणेपर्यंत फक्त पट्टी ताणा. खालच्या गळ्याला ताण लागता कामा नये. शिवून झाल्यावर माया आतल्या बाजूला वळवून वाफेची इस्त्री करा. इस्त्री घासत नेऊ नका, ठेवा आणि उचला. वाफ लागली की पट्टी आखडून मानेभोवती सपाट बसते. मशीनवरून काढल्यावर गळा ओबडधोबड दिसला तरी इस्त्रीपर्यंत उसवू नका.

बाही ब्लाउजसारखी गोल करून मुंढ्यात घालायची नाही. टी-शर्ट उघडा पसरलेला असतानाच बाहीचा माथा मुंढ्याला जोडा, दोन्हींचे मध्य आणि टोकं टाचून. नंतर बाहीच्या तोंडापासून काखेतून घेरापर्यंत एकाच टिपेत बाजू शिवा. काखेत दोन शिवणी एकमेकींवर येतात तिथे सावकाश.

दुमड शेवटी. दुकानातल्या टी-शर्टला वरून दोन समांतर टिपा आणि आतून जाळी दिसते, ते फ्लॅटलॉक मशीनचं काम. झिगझॅग मशीनवर जोडसुईने त्याच्या जवळ जाता येतं. एका दांड्यावर दोन सुया, वर दोन रिळं, खाली एकच बॉबिन. खालचा दोरा दोन्ही टिपांमध्ये नागमोडी जातो म्हणून दुमड ताणली जाते. पहिले काही टाके चाक हाताने फिरवून घाला आणि सुया फुटाला लागत नाहीत ना, हे पाहा. जोडसुई नसेल तर साधा झिगझॅग चालतो. हाताने करायची असेल तर भरतकामातला हेरिंगबोन टाका सैल हाताने घाला, तो छान ताणला जातो. तुरपाई मात्र नको, ती पहिल्याच ओढीला तुटते.

दुमडीला लाटा आल्या तर आधी वाफ द्या, बऱ्याचशा बसतात. नाही बसल्या तर टाक्याची लांबी वाढवून आणि खाली बटर पेपरची पट्टी ठेवून पुन्हा घाला. टाके सुटत असतील तर मशीनला दोष देण्याआधी सुई बदला. बोथट झालेली किंवा पुरती वर न गेलेली सुई, बहुतेक वेळा कारण तेच निघतं.

कागदी पॅटर्नवर तारीख, कापडाचा प्रकार आणि पट्टीची लांबी लिहून ठेवा. पुढचा टी-शर्ट निम्म्या वेळात होईल. आणि मशीन झाकण्याआधी बॉलपॉइंट सुई काढून तिच्या डबीत ठेवा, फुटाचा दाब पुन्हा घट्ट करा. दुसऱ्या दिवशी याच मशीनवर कोणीतरी खणाचं ब्लाउज शिवायला बसेल.